तळाला अडकलेला दोर

माझी लेक समुद्राच्या तळाचं पाणी मोजते. वरच्या लाटांशी तिचं काही काम नसतं. दोन वर्षांपूर्वी वैशाखात ती घरी आली ती रिकाम्या हातानं आली. त्याच्या दीड वर्ष आधी तिनं समुद्रात एक दोर सोडला होता, त्याला पाच यंत्रं बांधली होती, आणि तो दोर तळाला अडकून बसला होता. पुन्हा जहाज मिळालं तर काढून बघता येणार होता. नाही मिळालं तर सगळं तिथंच राहणार, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणं पुढं तिला जहाजावर कोणी घेणार नव्हतं. ऑफिसात बसून दुसऱ्यांचे आकडे तपासायचे, एवढंच उरणार होतं. निरोप यायला पंधरा दिवस लागतील असं तिला सांगितलं होतं. म्हणून ती माझ्याकडं आली. एरवी दोन दिवसांच्या वर राहत नाही.

आमचं घर भांडगावच्या अलीकडं, रानात वस्तीवर आहे. मालक जाऊन सहा वर्षं झाली. लेक आली तेव्हा कांदा साठवणीच्या चाळीत भरायचं काम चाललं होतं. मी आणि चाची निवडायला बसायचो. चाची शेजारच्या मुसलमानाच्या घरातली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एकाच वर्षी या वस्तीवर नांदायला आलो, त्यामुळं एकमेकींचं काही झाकलेलं नाही. लेकही येऊन आमच्यात बसली. पहिला दिवस ती नुसता जोड कांदा वेगळा काढत राहिली. दुसऱ्या दिवशी चाचीनं सरळ विचारलं, नोकरी सुटली का गं तुझी. मग तिनं सांगितलं.

समजावून सांगायला तिनं सुतळीचा तुकडा घेतला. खालच्या टोकाला दगड बांधला, मधे हातभर अंतरानं पाच कांदे बांधले, वरच्या टोकाला पाण्याची रिकामी बाटली. दगड म्हणजे वजन, कांदे म्हणजे यंत्रं. बाटली म्हणजे काचेचे पोकळ गोळे, पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात तसे. दगड तळाला बसतो, डबा वर ओढतो, आणि दोर पाण्यात ताठ उभा राहतो. समुद्र तिथं चार किलोमीटर खोल आहे. आमच्या वस्तीवरून हायवेला जायला लागतं त्याच्याहून जास्त अंतर, आणि ते सगळं खाली. दोराचं वरचं टोकही पाण्याच्या वर येत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. कांदे तिथं अंधारात दीड वर्ष बसून राहतात आणि पाणी कुठून कुठं किती चाललंय ते दर तासाला टिपत राहतात.

वजन कशाचं, म्हणून मी विचारलं. रेल्वेची झिजलेली चाकं, म्हणाली.

"दौंडच्या यार्डात पडलेली असत्यात, तसली?"

"तसलीच."

"म्हंजी ज्या चाकावर बसून आपण पुण्याला गेलो, ती आता समुद्रात."

"असतीलबी," ती म्हणाली.

मला ते बरं वाटलं. त्या दिवशी तिनं सांगितलेल्यातलं तेवढंच बरं वाटलं.

चाकांच्या वर दोर अडकवलेला एक लोखंडी आकडा असतो. जहाजावरून पाण्यात ठरावीक आवाज सोडला की तो आकडा उघडतो. चाकं खाली राहतात, बाकीचा दोर डब्यांच्या जोरावर वर येतो. हिनं आवाज सोडला. आकड्यानं ओ दिली. उघडलो म्हणूनही त्यानं कळवलं. पण वर काही आलं नाही. सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत जहाजावरची सगळी माणसं पाण्याकडं बघत उभी होती.

"म्हंजी खोटं बोलला त्यो," चाची म्हणाली.

"तसंच म्हणा, चाची."

जहाज काही तिच्या एकटीचं नव्हतं. त्यावर दुसऱ्यांचीही कामं होती, त्यांचे दिवस ठरलेले होते. जहाज निघालं.

मी विचारलं की एवढं काय त्या तळाच्या पाण्यात. त्यावर ती जरा उजळली. म्हणाली, तळाचं पाणी आपल्याकडचं नसतंच. पार दक्षिणेला, बर्फाच्या मुलखात पाणी गार होतं. त्याचं बर्फ होताना मीठ खाली राहतं, पाणी आणखी खारं होतं, जड होतं आणि बुडतं. मग तळातळानं सरपटत इकडं यायला लागतं. इतकं सावकाश की ते बोटभर सरकेपर्यंत आपला एक श्वास घेऊन होतो. इथवर पोचायला शेकडो वर्षं जातात. ते पाणी किती येतं, वाटेत कुठं वळतं, कधी थांबतं का, हे नीट कोणाला ठाऊक नाही. वरची हवा कशी राहणार, पाऊस कसा होणार, त्याचा धागा पुढं कुठंतरी त्या पाण्याशी जातो.

"त्या पाण्याचं वय काढत्यात," ती म्हणाली.

"पाण्याला कसलं आलंय वय?"

"शेवटचं वारं लागल्याला किती वर्षं झाली, ते त्याचं वय."

मी म्हटलं, आपल्या भीमेचं पाणीही शेवटी तिथंच जात असेल. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा समुद्राला, एवढं मला शाळेत शिकवलेलं. ती म्हणाली, समुद्राला जातं, पण वरच राहतं. गोडं पाणी हलकं. तळाला आपलं काही पोचत नाही.

मी हातातला कांदा टाकला आणि म्हटलं, "मग गेलं तर गेलं. दुसरा दोर टाक. त्यात रडायचं काय?"

ती रडत नव्हती. पण तिचा चेहरा बदलला.

"विहिरीचंबी तू असंच म्हणाली व्हतीस," ती म्हणाली, आणि उठून घरात गेली. चाची माझ्याकडं बघत राहिली. मी कांदे निवडत राहिले.

ती विहीर आता बुजवली आहे. तिच्यावरून गाडीवाट गेली आहे. पण ती होती तेव्हा आमच्या वस्तीवरची पाच घरं तिच्यावर जगत होती. दगडी बांधकाम, वर लाकडी रहाट, त्याच्या चाकाला मालक महिन्यातून एकदा एरंडेल घालायचे, तरी ते करकरायचं. पहाटे कोणाचा पोहरा पडला ते मला अंथरुणात आवाजावरून कळायचं. चाचीचा पोहरा चेपलेला होता, तो डबडब वाजायचा.

त्या विहिरीची एक खोड होती. वरचं पाणी गोड आणि खालचं मचूळ. कॅनॉल आल्यापासून सगळ्या शिवारात उसाला पाणी सुटलं होतं आणि जमिनीतला खार वर येत होता. पावसाचं आणि पाटाच्या पाझराचं गोड पाणी त्या खारावर तरंगत राहायचं, दुधावरच्या सायीसारखं. म्हणून पाणी शेंदायची आमची रीत वेगळी होती. दुसरीकडं बायका पोहरा धाडकन सोडतात, तो बुडतो, भरतो. आमच्याकडं तसं केलं तर बाकीच्या चार घरांच्या शिव्या खाव्या लागायच्या. पोहरा हळू सोडायचा, पाण्याला टेकला की आडवा करायचा, कडेनं भरू द्यायचा आणि न हिंदकळता वर घ्यायचा. नवी सून आली की सासूबाई तिला आठ दिवस नुसतं हेच शिकवायच्या. माझ्या हातावर त्यांनी दोनदा दोराचं टोक मारलं होतं. मला त्यांचा राग यायचा, पण त्या पाण्याची चव मी अजून विसरलेले नाही. त्या पाण्यात शिजवलेली डाळ पळीनं घोटावी लागत नसे.

लेक पाचवीत असेल. औषधाची बाटली तिनं कुठूनतरी मिळवली, तिला दगड बांधला, बुचाला वेगळा दोरा लावला. दोराला हातहातावर गाठी मारल्या. बाटली हवी तेवढी खाली सोडायची, मग वरून बुचाचा दोरा ओढायचा. बाटलीत तिथलंच पाणी भरायचं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं दुसरं काही केलं नाही. भरलेलं पाणी पेल्यांमधून कठड्यावर ओळीनं मांडायची आणि आम्हाला चाखायला लावायची. सासूबाई थुंकून टाकायच्या. चाची मात्र रोज चाखायची आणि नावं ठेवायची, हे पाणी माझ्या जावेच्या जिभेसारखं, हे बरं आहे, हे मेलेल्याला पाजायचं. लेक ते सगळं वहीत लिहायची. शेवटी तिनं सांगितलं की बारा हातांपर्यंत गोड आहे, आणि तेराव्या हाताला एकदम बदलतं. हळूहळू बदलत नाही, एकदम. याचं तिला फार नवल वाटलं होतं. मला नाही वाटलं. मला डोक्यावर दोन घागरी आणि तिसरी हातात, एवढं कळत होतं.

पुढच्या साली पाच घरांनी मिळून विहिरीवर मोटर बसवायची ठरवली. दारात नळ येणार. त्यासाठी सगळ्यात जास्त हट्ट मी धरला होता. तळहाताला दोराचे घट्टे पडले होते आणि मला त्यांचा कंटाळा आला होता. मोटर बसवणाऱ्यानं मालकांना विचारलं, पाइपाचं तोंड किती खोल सोडू. मालकांनी मला विचारलं, कारण रोज पाणी मी शेंदायची. मी म्हटलं, पार तळाला सोडा, उन्हाळ्यात पाणी उतरलं तर पुन्हा पुन्हा कोण पाइप उतरवणार. लेक तिथंच होती. म्हणाली, बारा हातांच्या खाली सोडू नका. मी म्हटलं, मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये.

दारात नळ आला. पहिल्या दिवशी बायका उगीचच भांडी घासत बसल्या. दुसऱ्या दिवशी चहा फाटला. तिसऱ्या दिवशी डाळ शिजेना. पाइप वर घेतला तोवर उशीर झाला होता. मोटरनं तळातून ओढलं तसं आजूबाजूचा खार विहिरीत आला आणि वरचं गोड पाणी त्यात मिसळून गेलं. त्या साली आणि त्याच्या पुढच्या सालीही ते पुन्हा जमलं नाही. पिण्याचं पाणी आम्ही अर्ध्या कोसावरून आणायला लागलो. चाची महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ह्यांच्या नळाला समुद्र आलाय.

लेकीनं एकदाच विचारलं, आता विहिरीचं काय करायचं. मी म्हटलं, गेलं तर गेलं. पुढं ती दौंडला शाळेत गेली, मग पुण्याला कॉलेजात, मग किनाऱ्याकडं. त्या बाटलीपायी गेली असं मी म्हणणार नाही. तिलाही विचारलं नाही. पण ती समुद्रावर कामाला लागली तेव्हा चाची म्हणाली होती, आपल्याकडं पाण्याची बोंब, आणि तुझी लेक जिथं पाणीच पाणी तिथं जाऊन मोजत बसली.

तर त्या दिवशी ती उठून गेली. मी काही लगेच मागं गेले नाही. माझा तो स्वभाव नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं बसली होती. गॅस आहे, पण भाकरी मी चुलीवरच करते. तव्यावर भाकरी होती, म्हणून मला तिच्याकडं बघावं लागलं नाही.

"पाइप वर ठेवाय पायजे व्हता," मी म्हटलं. "तू सांगितलं व्हतं."

ती म्हणाली, "आता कशाला, आये?"

"आता बोललीस म्हणून."

"पस्तीस वर्षं झाली."

"मोजलीस न्हवं, मग."

ती हसली. भाकरी करपली ती मी खाल्ली. त्यानंतर आमचं बरं चाललं. ती सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालून यायची, दुपारी कांदे निवडायची, मधे मधे फोन बघायची. फोन वाजला की तिच्या हातातलं काम थांबायचं, आणि कोणा गुऱ्हाळवाल्याचा चुकून आलेला असला तरी तिला परत कामाला लागायला वेळ लागायचा.

एक दिवस मी विचारलं की जहाज मिळालं तरी चार किलोमीटरवरून काढणार कसा. ती म्हणाली, पाच-सहा किलोमीटर लांब तार सोडायची, तारेला आकडे लावायचे, जहाजानं दोराभोवती मोठा फेरा घालायचा आणि मग तार हळूहळू ओढत आणायची. फेरा आवळत येतो, आकडा दोराला लागतो, लागला तर.

"म्हंजी गळ," चाची म्हणाली.

"गळच," लेक म्हणाली.

मग आम्ही दोघी तिला ऐकवायला लागलो, कारण त्यात आम्हाला कळत होतं. पोहरा विहिरीत पडला की गळ लागतो. पाच लोखंडी आकडे, मधे कडी, कडीला दोर. आमच्या वस्तीचा गळ सासूबाईंचा होता, शिरूरच्या बाजारातून आणलेला. तो मागायला दुसऱ्या वस्तीवरूनही बायका यायच्या. सासूबाईंचा नियम होता की गळ एकटा जायचा नाही. गळासोबत आमच्या घरातली बाई जाणार आणि दोर तीच धरणार. लोक धसमुसळेपणा करतात, आकडे वाकवून आणतात. सासूबाईंच्या नंतर मी जायची. चांगल्या वीस-बावीस विहिरींमधून मी पोहरे काढले असतील, घागरी काढल्या, एकदा एक पितळी समई काढली, ती विहिरीत कशी गेली ते त्या घरानं कधी सांगितलं नाही. गळ तळाला टेकवायचा, वीतभर उचलायचा, काठाकाठानं फिरवायचा. लागला की दोराला जडपणा येतो. तेव्हा ओढायचं नाही. एक दम थांबायचं. मग ओढायचं.

आणि दुसरा नियम होता, तो सगळ्याच बायका पाळायच्या. जिचा पोहरा बुडाला तिनं काठावर उभं राहायचं नाही. तिला घाई असते. इकडं घ्या, तिकडं घ्या, लागला लागला, ओढा, असं तिचं चालतं, आणि दोर धरणारीचा हात बिघडतो. तिला लांब लिंबाखाली बसवायचं. सगळ्यात जास्त वेळा चाची लिंबाखाली बसली आहे, कारण सगळ्यात जास्त पोहरे तिनं घालवले. तिथूनही ती ओरडायचीच, पण तेवढं चालायचं.

लेक म्हणाली, "त्या कामावर मी प्रमुख हाय, आये. मीच काठावर न्हाई तर कोण?"

"प्रमुख आस न्हाईतर कलेक्टर. जिचा बुडाला ती काठावर नको."

"तिथं काठच न्हाई."

"मग जिथं उभी ऱ्हाशील तिथं नको."

तिनं ते हसण्यावारी नेलं. मलाही वाटलं नव्हतं की ती ऐकेल. जहाजावरची माणसं रोज हेच काम करतात, त्यांना माझ्या विहिरींची काय गरज.

अकराव्या दिवशी निरोप आला. जहाज पौषात जाणार होतं आणि त्यातले चार दिवस तिला दिले होते. चार दिवसांत दोर आला तर आला. तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. मग बॅग भरली, शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि दुसऱ्या सकाळी दौंडहून गाडीत बसली.

मधले महिने गेले. कांदा विकला, थोडा सडला. दिवाळीला ती आली नाही, तयारी चालली होती म्हणाली. पौषात आमच्या तुरी निघाल्या. अंगणात ताडपत्री टाकून मी आणि चाची तुरी बडवत होतो. चाची रोज सकाळी आल्या आल्या विचारायची, आला का गं दोर. मी म्हणायची, आला की तुझ्याच दारात आणून टाकते. तिनं पिराला नारळ बोलला होता. मी म्हटलं, समुद्रात नारळ काय कमी हायत. तरी तिनं बोललाच.

लेक जहाजावरून मोबाइलवर लिहून पाठवायची. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, पोचलो, आकडा अजून ओ देतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहिलं, तार लागली होती, तुटली. एवढंच. मी ते चाचीला वाचून दाखवलं. चाची म्हणाली, घाई केली आसल. मला जेवण गेलं नाही, हे खरं आहे. तिसऱ्या दिवशी काहीच आलं नाही. मी तुरी बडवल्या, पाखडल्या, पोतं भरलं. त्या पोत्यात खडे राहिले ते नंतर कळलं.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन वाजला. आवाज लांबून येत होता, मधे मधे तुटत होता.

"आये, आला."

"सगळा?"

"न्हाई. दोन कांदे आले." तिनं कांदेच म्हटलं. "सगळ्यात खालचा आला."

फोन तुटला. चाची काठी टाकून माझ्याकडं बघत होती. मी तिला सांगितलं, दोन आले. तिनं पदर डोळ्याला लावला. मी तिला म्हटलं, तुझा काय दोर होता का त्यो. मग आम्ही चहा केला.

पुढचं मला ती घरी आल्यावर कळलं. माघात ती आली. अंगावरचे कपडे धुवायला टाकले आणि दोन दिवस झोपली. उठल्यावर सांगत बसली. पहिल्या वेळी फेरा घातला तेव्हा ती मागच्या बाजूला तारेपाशीच उभी होती. तारेवरचा भार वाढला, आकडा लागल्याचं कळलं, आणि तिनं ओढा म्हणून सांगितलं. तार चालवणारा जुना माणूस होता, केरळकडचा. तो म्हणाला थोडं थांबू. ती म्हणाली वेळ नाही. प्रमुख तीच, त्यानं ओढलं. तार तुटली, आणि आकड्यांसकट दोन किलोमीटर तार खाली गेली.

मग तो दिवस आणि पुढचा दिवस दुसरी तार जोडण्यात गेला. चौथ्या दिवशी पहाटे दुसरा फेरा सुरू झाला. त्या माणसाला तिनं सांगितलं की तुमच्या मनानं करा, मला विचारू नका, आणि ती खाली स्वयंपाकघरात जाऊन बसली. आचाऱ्यानं तिच्यापुढं लसणाची टोपली ठेवली. तिनं पाच तास लसूण सोलला. वर काय चाललंय ते बघायला एकदाही गेली नाही. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आली.

ती खाली बसली म्हणून दोर आला असं कोणी समजू नये. तो माणूस आपलं काम जाणत होता, म्हणून आला. पण त्याचा हात बिघडवायला वर कोणी नव्हतं, एवढं खरं.

दोर तळाजवळ पकडला गेला होता. वरचे काचेचे गोळे कधीच फुटले होते, बहुतेक मासेमारीच्या जाळ्यात अडकून. म्हणूनच आकडा उघडूनही दोर वर आला नव्हता. आकडा खोटं बोलला नव्हता, त्याला वर ओढायलाच कोणी नव्हतं. वरची तीन यंत्रं तुटून गेली होती. आलेल्या दोनांपैकी एकात पाणी शिरलं होतं. एक, सगळ्यात खालचं, कोरडं होतं. सतरा महिने चाललं होतं, मग त्याची बॅटरी संपली होती. तिला हवं होतं तेच ते होतं.

तिनं कॉम्प्युटरवर मला ते दाखवलं. एक रेघ होती, वरखाली जाणारी. मी विचारलं यात काय. ती म्हणाली, रेघ मधल्या रेषेच्या वर आहे तोवर पाणी उत्तरेला चाललंय, आपल्याकडं. पहिले नऊ महिने ते चाललं होतं. मग रेघ खाली आली, मधल्या रेषेच्याही खाली गेली, आणि चार महिने पाणी उलटं फिरलं. मग परत वर.

"उलटं का फिरलं?"

"ठाऊक न्हाई."

"एवढा दीड वर्षाचा खटाटोप करून ठाऊक न्हाई?"

"ते फिरतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "आता का फिरतं ते बघाय पायजे."

आणि ती खुशीत होती. चाळीत बसली होती तेव्हाचा चेहरा तिच्यावर नव्हता. भाकरी खाताना तिनं पाण्याच्या पेल्याभोवती बोट फिरवून मला काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला, ते मला कळलं नाही. मी सांगितलं कळलं नाही. तिनं परत दाखवलं. तरी कळलं नाही. तिनं नाद सोडला आणि ठेचा मागितला.

यंदा तिला जहाज मिळालं आहे, पूर्ण महिनाभर. तसाच दोर, त्याच जागी, नव्या यंत्रांचा. जायच्या आधी ती दोन दिवस येऊन गेली. मी तिला म्हटलं, त्या वरच्या काचेच्या गोळ्यांचा भरवसा धरू नको. मधे मधेही बांध. एक गेला तर दुसरा वर ओढील.

"तसंच केलंय," ती म्हणाली.

"आन् आकडे?"

"दोन हायत. एक बिघडला तर दुसरा."

"तीन लाव," मी म्हटलं.

तिनं खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहिलं. चेष्टेनं लिहिलं की खरंच, ते मी विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती, आणि तिची चटणीची बरणी अजून भरायची होती.